कॉलेजच्या ग्रंथपालाचं काम नेमकं कुठे वाढलं?

एखाद्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या खोलीत डोकावलात तर नियतकालिकांचे बांधीव खंड दिसतील. लाल किंवा तपकिरी कापडी बांधणी, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत नाव आणि साल. समजा, १९८२ साली कॉलेजनं एका नियतकालिकाची वर्गणी भरली. अंक आले, वर्षअखेरीस बाइंडरकडे गेले आणि खंड होऊन कपाटात लागले. पुढे वर्गणी बंद पडली तरी १९८२चा खंड कुठे जात नाही. आता त्याच कॉलेजनं २०१८ साली एका ई-नियतकालिकाची वर्गणी भरली आणि पैसे नाहीत म्हणून २०२१मध्ये थांबवली असं धरा. करारात कायमस्वरूपी हक्काचं कलम घालून घेतलं असेल तर ठीक, नाहीतर २०१८चे अंकही बंद. पूर्वी ग्रंथालय स्वतःच्या घरात राहत होतं, आता भाड्याच्या घरात राहतं. आणि भाडेकराराची बारीक अक्षरातली कलमं वाचणं हे ग्रंथपालाच्या वाट्याला आलेलं नवं काम आहे.

कपाटांकडे जाणारे विद्यार्थी कमी झाले हे खरंच. त्यावरून संस्थेच्या बैठकीत कुणीतरी ‘आता ग्रंथपालाला काम तरी काय उरलंय?’ असं विचारतोच, आणि विचारणारा ग्रंथालयात शेवटचा कधी आला होता हे बहुधा त्यालाही आठवत नसतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. काम वाढलंय. फक्त ते देवघेवीच्या काउंटरवर दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कुठल्याच तक्त्यात भरता येत नाही. कसं, ते जरा उलगडून पाहू.

वर्गणी, पॅकेज आणि सहा हजार कोटी

मोठे आंतरराष्ट्रीय प्रकाशक संशोधन-नियतकालिकं सुटी विकायला फारसे राजी नसतात. शेकडो, कधी हजारो नियतकालिकांचा एकच गठ्ठा, किंमत एकच, आणि ती दरवर्षी वाढणार. तुम्हाला त्यातली तीसच हवी असली तरी गठ्ठा घ्या. गंमत अशी की लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकाला प्रकाशक पैसे देत नाही, लेख तपासणाराही सहसा फुकट तपासतो, आणि छापून आलेला लेख त्यांच्याच विद्यापीठाला विकत घ्यावा लागतो. या व्यवहारावर जगभर कुरबुर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठानं २०१९ साली एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाशी बोलणी फिसकटल्यावर करारच सोडून दिला आणि २०२१मध्ये नव्या अटींवर पुन्हा केला. एवढे दिवस अडून बसायची ताकद त्यांच्यात होती. तालुक्याच्या कॉलेजात ती कुठून येणार?

म्हणून आपल्याकडे एकत्र खरेदीचा मार्ग निघाला. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, केंद्र (१९९१ साली कार्यक्रम म्हणून सुरू झालं, १९९६मध्ये स्वतंत्र संस्था झाली) हे काम पाहतं. त्यांच्या एन-लिस्ट योजनेत अनुदानित कॉलेजनं वर्षाला ५,००० रुपये आणि वर जीएसटी भरला की हजारो ई-नियतकालिकं आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं खुली होतात. तेवढ्या पैशांत इंग्रजी संदर्भग्रंथ जेमतेम चार-पाच येतात. सौदा स्वस्तच आहे.

पण योजना घेतली म्हणजे वापर सुरू झाला असं होत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं कॉलेजला उघडून द्यावं लागतं. ग्रंथपाल एक्सेलमध्ये नाव, वर्ग, ईमेल भरून यादी चढवतो. आता हा ईमेल कुठला? प्रवेशाचा फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्यानं घाईघाईत बनवून दिलेला. त्याचा पासवर्ड त्या कॅफेवाल्यालाच माहीत, किंवा आता त्यालाही नाही. खातं उघडल्याचा मेल तिथे जाऊन पडतो. मग दिवाळीनंतर एम.ए.चा मुलगा येतो, ‘सर, मला ते लॉगिन आलंच नाही.’ त्याचा मोबाइल हातात घेऊन नवा ईमेल काढून देण्यापासून सुरुवात. या कामाला ग्रंथालयशास्त्राच्या कुठल्याही अभ्यासक्रमात नाव नाही, पण ते केल्याशिवाय पुढची सगळी यंत्रणा नुसती कागदावर राहते.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-नियतकालिकं, ६,३००हून अधिक संस्था आणि जवळजवळ १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक नि संशोधक. १ जानेवारी २०२५पासून ती सुरू झाली. योजना चांगली आहे. ज्या लेखासाठी आयआयटीतल्या ओळखीच्याला फोन करावा लागे, तो आता जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजातही उघडतो.

तरी दोन गोष्टी डोळ्यांआड करून चालणार नाहीत. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था आहेत. महाराष्ट्रात कॉलेजं चालवतात ती मुख्यतः खाजगी शिक्षणसंस्था. अनुदानित कॉलेजात पगार सरकारचा, व्यवस्थापन संस्थेचं. त्यामुळे ‘आपण यात बसतो का?’ हा प्रश्न आधी प्राचार्य ग्रंथपालाला विचारतात आणि मग ग्रंथपाल यादी उघडून बसतो. दुसरी गोष्ट पैशांची. सगळं केंद्राकडून मिळतंय म्हटल्यावर विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातली नियतकालिकांची तरतूद कापली जाणं स्वाभाविक आहे. लेखा विभागात ज्यांनी थोडंफार काम केलंय त्यांना विचारा: एकदा शून्यावर आलेलं लेखाशीर्ष पुन्हा भरून घ्यायला किती वर्षं लागतात?

आणि या तेरा हजारांतली नियतकालिकं प्रामुख्यानं इंग्रजी. मराठीतून संशोधन करणाऱ्याला पुन्हा आपल्याच कपाटांकडे यावं लागतं. तिथे वेगळीच अडचण वाट पाहत असते.

पुस्तक कपाटात आहे, संगणकात नाही

महाराष्ट्रातल्या बऱ्याच कॉलेजांनी ग्रंथालयाचं संगणकीकरण सुरू केलं तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची संगणकातली समान प्रमाणपद्धती, फारसं रुळलेलं नव्हतं. मराठी पुस्तकांच्या नोंदी करायला दोनच वाटा होत्या. एक, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखा फॉण्ट वापरायचा. दोन, मराठी शीर्षक रोमन लिपीत टाइप करायचं.

पहिल्या वाटेची गोम अशी: या जुन्या फॉण्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती देवनागरी नसतेच. कृतिदेवमध्ये तुम्हाला ‘क’ दिसतो, संगणकानं साठवलेलं असतं इंग्रजी ‘डी’. तो फॉण्ट त्या यंत्रावर आहे तोवर सगळं सुरळीत. कॉलेजनं नवं सॉफ्टवेअर घेतलं, म्हणजे इन्फ्लिबनेटचं सोल किंवा न्यूझीलंडात तयार झालेलं, फुकट मिळणारं कोहा, आणि जुन्या नोंदी त्यात आणल्या, की मराठी शीर्षकांच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि चौकटींचा कालवा उमटतो. फॉण्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार आले की ते हमखास अडखळतात. शेवटी प्रत्येक नोंद माणसानं पाहावी लागते. तीस-चाळीस हजार पुस्तकांच्या ग्रंथालयात हे काम किती महिन्यांचं, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

दुसऱ्या वाटेवर शुद्धलेखनाचा प्रश्न उभा राहतो. ‘ज्ञ’ने सुरू होणारं शीर्षक रोमन लिपीत कुणी ‘डीएन’नं सुरू करतं, कुणी ‘जेएन’नं, कुणी हिंदीच्या वळणानं ‘जीवाय’नं. वीस वर्षांत नोंदी करणारे पाच जण बदलले असतील तर एकाच लेखकाचं आडनाव पाच तऱ्हांनी सापडतं. शोधणाऱ्या विद्यार्थ्याला सहावी तऱ्हा सुचते.

बरं, सगळं युनिकोडमध्ये झालं तरी सुटका नाही. ‘कादंबऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत खाली नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्या पद्धतीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. नोंद एका पद्धतीनं आणि शोध दुसऱ्या पद्धतीनं केला, की उत्तर येतं: एकही पुस्तक आढळलं नाही. विद्यार्थी ‘नाहीये’ म्हणून निघून जातो. पुस्तक मात्र ड्यूई दशांश पद्धतीतल्या ८९१.४६च्या, म्हणजे मराठी साहित्याच्या रांगेत, खालून दुसऱ्या फळीवर शांतपणे बसलेलं असतं.

पूर्वी अशा वेळी ग्रंथालयातले जुने परिचर मदतीला यायचे. संगणकाला न विचारता ते थेट कपाटापाशी जायचे. ते निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. यादी दुरुस्त करणं हे म्हणूनच ग्रंथपालाचं आज सगळ्यात निकडीचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. त्याचं उद्घाटन करता येत नाही, फोटो निघत नाही.

टक्केवारीच्या पलीकडे

हाच फॉण्टचा घोळ आणखी एका ठिकाणी डोकं वर काढतो, ते म्हणजे वाङ्मयचौर्याच्या तपासणीत. यूजीसीच्या २००९च्या नियमांपासून पीएच.डी.चा प्रबंध डिजिटल स्वरूपातही द्यावा लागतो आणि तो ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो. तिथल्या प्रबंधांची संख्या आता पाच लाखांच्या पुढे आहे. २०१८मध्ये यूजीसीनं वाङ्मयचौर्यासाठी वेगळे नियम केले. त्यांत साम्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत दुरुस्त करून द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर दुरुस्त प्रबंध सादरच करता येत नाही. ६०च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हिशेबातून अवतरणचिन्हांतला आणि श्रेय दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश वगैरे गोष्टी वगळायच्या असतात. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण साम्यही धरायचं नसतं.

ही तपासणी करणारं सॉफ्टवेअर पुरवण्यासाठी सरकारनं २०१९मध्ये ‘शोधशुद्धी’ सुरू केलं. आधी उरकुंड, पुढे ड्रिलबिट. बहुतेक ठिकाणी त्याची किल्ली ग्रंथपालाच्या हाती असते. आणि तिथून त्याची पंचाईत सुरू होते.

मार्गदर्शक प्राध्यापक म्हणतात, ‘अहो, अठ्ठावीस टक्के आलंय, बघा जरा काही करता येतं का.’ विद्यार्थ्याची सादर करायची तारीख उद्यावर आलेली. ग्रंथपालाचा पगार सहायक प्राध्यापकाच्या श्रेणीत असला तरी विभागप्रमुखाला ‘नाही’ म्हणण्याइतकं वजन त्याला कुणी दिलेलं नसतं. वास्तविक यंत्र देतं ते साम्य, चोरी नव्हे. कायद्याच्या प्रबंधात कलमांची भाषा जशीच्या तशी येणारच. रसायनशास्त्रात कृतीचं वर्णन ठरावीक शब्दांतच होतं. कुठलं साम्य निरुपद्रवी आणि कुठलं उचललेलं, हे अहवालाचं पान न् पान उघडून पाहावं लागतं. त्या निर्णयासाठी नियमांत विभागाची आणि संस्थेची समिती सांगितली आहे. प्रत्यक्षात ‘लायब्ररीतून सर्टिफिकेट आणा’ एवढ्यावर प्रकरण आटोपतं.

मराठी प्रबंधांत उलटाच धोका असतो. प्रबंध जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला असेल तर सॉफ्टवेअरला इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो आणि साम्य येतं नगण्य. युनिकोडमध्ये असला तरी यंत्र तुलना करणार कशाशी? १९६५ साली पुण्यात छापलेलं, कधीच स्कॅन न झालेलं पुस्तक त्याच्या साठ्यात नाही. त्यातलं प्रकरणच्या प्रकरण उतरवलं तरी शून्य टक्के. अशी चोरी पकडू शकतो तो ते पुस्तक वाचलेला माणूस, किंवा गेल्या वर्षी ते पुस्तक कुणी नेलं होतं हे ज्याला आठवतं तो. मराठीपुरतं बोलायचं तर माणूस काढून यंत्र ठेवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि हे मी ग्रंथपालांच्या प्रेमापोटी म्हणत नाही.

पैसे भरा, लेख छापा

‘आपल्या मौलिक संशोधनासाठी आमचे नियतकालिक उत्सुक आहे. सात दिवसांत प्रकाशन. इम्पॅक्ट फॅक्टर ७.९. शुल्क फक्त दीड हजार.’ या धाटणीचा मेल आला नाही असा प्राध्यापक आज सापडणार नाही. बढतीसाठी लेख हवेत, संस्थेच्या मानांकनासाठी लेख हवेत, मग गरज आहे तिथे दुकान निघणारच. अशा नियतकालिकांची यादी ठेवून हा विषय जगाच्या नजरेत आणला तो जेफ्री बील यांनी, आणि ते कोलोरॅडो विद्यापीठात ग्रंथपाल होते हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. २०१७ साली त्यांनी ती यादी मागे घेतली.

आपल्याकडे यूजीसीनं स्वतः मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, आणि मे २०१८मध्ये तिच्यातलीच ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकावी लागली. मग ‘यूजीसी-केअर’ यादी आली. तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालायचं. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीनं तीही बंद झाल्याचं जाहीर केलं. नियतकालिकाचा दर्जा आता संस्थेनंच निकष लावून ठरवायचा.

तत्त्व म्हणून मला हे पटतं. दर्जा ठरवायचं काम दिल्लीच्या एका यादीवर सोपवणं मुळातच आळसाचं होतं. पण कॉलेजात याचा अर्थ असा झाला, की यादीत नाव आहे की नाही एवढं पाहून देणारा ग्रंथपाल आता स्वतः परीक्षक झाला. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, खरा आहे का? (तो खरा असला तरी दर्जाशी त्याचा काही संबंध नाही; तो कुणालाही मिळतो.) संपादक मंडळावरची माणसं खरोखर त्या विद्यापीठात आहेत का, आणि आपलं नाव इथे छापलंय हे त्यांना माहीत आहे का? एकाच अंकात ऊस, उपनिषदं आणि नॅनो तंत्रज्ञान कसं काय? हे सगळं तपासून ‘हे नियतकालिक ठीक नाही’ असं सांगायचं कुणाला, तर पैसे भरून बसलेल्या सहकाऱ्याला. त्यानंतर स्टाफरूममध्ये चहाला बसणं किती अवघड होतं ते विचारू नका.

नसलेली पुस्तकं शोधणं

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि देवघेवीच्या काउंटरवर एक नवाच प्रकार सुरू झाला. विद्यार्थी दहा संदर्भांची छापील यादी घेऊन येतो. लेखक ओळखीचा, प्रकाशक पुण्याचा, साल १९९४, विषयही नेमका त्याचाच. फक्त असं पुस्तक कधी निघालेलंच नसतं. भाषेची ही यंत्रं एका शब्दापुढे कुठला शब्द शोभेल याचा अंदाज बांधत जातात. त्यांना संदर्भाचा घाट ठाऊक असतो, संदर्भ ठाऊक असेलच असं नाही. इंग्रजीतही हे होतं, पण मराठी पुस्तकांबद्दलचा मजकूर मुळात इंटरनेटवर थोडा, त्यामुळे मराठी याद्यांत अशी भुतं जास्त निघतात.

पुस्तक आहे हे सांगायला एक मिनिट पुरतं. नाही हे खात्रीनं सांगायला अर्धा तास जातो. आपली यादी पाहा, विद्यापीठाची पाहा, प्रकाशकाची सूची पाहा, लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकातली ग्रंथसूची पाहा, डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक, दिला असेल तर तो कुठल्या भलत्याच लेखावर जातो ते पाहा. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणाऱ्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली चौथा नियम लिहिला तो ‘वाचकाचा वेळ वाचवा’. ग्रंथपालाचा वेळ कुणी वाचवायचा, याबद्दल त्यांनी नियम केला नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना एआय वापरू नका असं सांगण्यात अर्थ नाही, ते वापरणारच. पहिल्याच वर्षी दोन तासांचं सत्र घेऊन त्यांच्याकडूनच अशी यादी तयार करून घ्यावी आणि त्यांनाच ती पुस्तकं हुडकायला लावावीत. दहातली चार सापडली नाहीत की पुढचं व्याख्यान द्यावं लागत नाही. अडचण एकच, या सत्राला वेळापत्रकात जागा आणि श्रेयांक कुठला?

दारातली वही

नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी परिषद. तिच्या मूल्यांकनात चौथा निकष पायाभूत सुविधा आणि अध्ययन साधनांचा. त्यात ग्रंथालय येतं. संगणकीकरण झालंय का, ई-संसाधनांची वर्गणी आहे का, पुस्तकांवर वर्षाला किती खर्च केला आणि रोज सरासरी किती जण ग्रंथालय वापरतात, असे प्रश्न असतात. त्या शेवटच्या प्रश्नासाठी दारात वही ठेवलेली असते: नाव, वर्ग, आत आल्याची वेळ, सही. पीअर टीम, म्हणजे नॅकचं तपासणी पथक, यायच्या आधीचे दोन महिने या वहीला विलक्षण महत्त्व येतं. प्राध्यापकांनाही वर्गावर जाता जाता सही करून जायची आठवण केली जाते. पानं स्कॅन होतात, बेरजा होतात.

वहीत काय येत नाही? दुरुस्त केलेल्या नोंदी, परत पाठवलेले प्रबंध, एखाद्या सहकाऱ्याला फसव्या नियतकालिकापासून वाचवणं, नसलेल्या पुस्तकामागे गेलेला अर्धा तास. घरी बसून मोबाइलवर सहा लेख वाचणारी मुलगी दारातून आत आलीच नाही, म्हणून तीही नाही. लॉगिनचे आकडे जोडता येतात, पण ते पोर्टलवरून दर महिन्याला काढून ठेवायला कुणीतरी हवं.

ते कुणीतरी म्हणजे कोण, हाच खरा पेच. ग्रंथपाल व्हायला ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. पण अनेक कॉलेजांत ग्रंथपाल निवृत्त झाला की कुणा प्राध्यापकाला किंवा लिपिकाला ‘प्रभारी’ करून वर्षानुवर्षं गाडा ढकलला जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ आल्यावर विद्यापीठांची ग्रंथालयं ‘ज्ञानस्रोत केंद्र’ झाली. पाट्या नव्या लागल्या, आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, जुनाच राहिला.

त्यात २०२४-२५पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली. दोन श्रेयांकांच्या एखाद्या पेपरला मराठीत पुस्तकच नसतं. असलं तरी अभ्यासक्रम उशिरा हाती येतो, मग शिक्षकांची मागणी, तीन कोटेशन्स, ग्रंथालय समितीची मंजुरी, आणि पुस्तकांचा खोका येईतो सत्र संपत आलेलं असतं. झेरॉक्सवर काम भागतं. शिकवण्यासाठी केलेल्या अशा प्रतींना दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ साली दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात बरीच मोकळीक दिली आहे, हे ग्रंथपालांना माहीत असलेलं बरं. इकडे जुन्या अभ्यासक्रमाच्या एकेका पुस्तकाच्या चाळीस-चाळीस प्रती कपाटात अडकून पडतात. त्या निर्लेखित करायला, म्हणजे नोंदीतून कायमच्या काढून टाकायला, ग्रंथपाल धजावत नाही, कारण पडताळणीत पुस्तक कमी भरलं तर पगारातून कापतील ही जुनी धास्ती. खरं तर केंद्र सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही वर्षाला हाताळलेल्या हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरलंय. शिक्षणसंस्थांनी निदान एवढं तरी आपापल्या नियमांत लिहून टाकावं. रिकाम्या होणाऱ्या जागेला गिऱ्हाईक तयार आहे.

ते गिऱ्हाईक म्हणजे अभ्यासिकेतली मुलं. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँक. पुस्तकं स्वतःची आणतात, कॉलेजच्या पुस्तकाला हात लावत नाहीत. त्यांना हवं असतं टेबल, पंखा, चार्जिंगचा पॉइंट, वाय-फाय आणि रात्री दहापर्यंत उघडं दार. मुलींना वसतिगृहात किंवा शेवटच्या एसटीनं गावी वेळेत पोचायचं असतं; त्यांच्यासाठी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवण्यापेक्षा सकाळी सातला उघडणं जास्त सोयीचं. दारातल्या वहीत सर्वाधिक सह्या याच मुलामुलींच्या. काही ग्रंथपालांना हा ग्रंथालयाचा गैरवापर वाटतो. मला वाटत नाही. घरी दोन खोल्यांत सहा माणसं असताना शांत टेबल ही मोठी सोय आहे. प्रश्न एवढाच, की सकाळी सात ते रात्री दहा तिथे बसणार कोण? बऱ्याच ठिकाणी त्याचं उत्तर ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं हे आहे. तीच बारकोड चिकटवतात, तीच पुस्तकं जागेवर लावतात, रात्री कुलूपही तीच घालतात. परीक्षेच्या महिन्यात अभ्यासिका सगळ्यात उशिरापर्यंत हवी असते, आणि नेमकी तेव्हाच या मुलांचीही परीक्षा असते.